पिंपातलं पाणी

डासांची तपासणी करणाऱ्या बाईंनी पिंपात टॉर्च मारला. अळ्या वळवळत होत्या.

"मुलगी डेंग्यूने दवाखान्यात, आणि तुम्ही इथे डास पाळताय? शिकलेल्या दिसता की!"

आई मुलीचे कपडे न्यायला घरी आली होती. सकाळी प्लेटलेट्स आणखी उतरल्या होत्या.

बाईंनी पिंप आडवं करून सगळं पाणी गटारात सोडलं. मग 'घरात पाणी साठवल्याबद्दल कारवाई' अशी नोटीस काढली आणि दारावर जागा शोधू लागल्या. तिथे आधीच एक कागद होता : 'पाऊस लांबल्याने नळाला चार दिवसांआड पाणी येईल. नागरिकांनी घरात पुरेसा साठा करावा.'

"लावा बाई, त्याच्यावरच लावा," आई म्हणाली. "सही त्याच साहेबांची आहे."