पटलं, सर

पेढ्यांचा पुडा सोडताना निवृत्त नाडगौडा सर मुलांना सांगू लागले. “आठ महिने तो फेसबुकवर मला शिव्या देत होता, मी पुरावे देत होतो. आज म्हणाला, ‘पटलं, सर.’ बघा, चिकाटीनं समजावलं की विरोधकही ऐकतो!”

शिकवणीची मुलं पेढ्यांवर तुटून पडली. राजकारणावरून भांडणारा तो सरांचाच जुना विद्यार्थी होता.

सातवीतल्या मृण्मयीनं सरांच्या मोबाइलवर पुढचं वाचलं. “सर, त्यानं खाली मित्राला लिहिलंय, ‘म्हाताऱ्याला नुसतं “पटलं” म्हण, लगेच गप्प बसतो. वर्गात आपण हेच करायचो की!’”

सरांनी फळ्यावरची अपूर्णांकांची बेरीज पुन्हा समजावली. “कळलं?”

“कळलं, सर!” पेढ्यानं भरलेली तोंडं एका सुरात ओरडली.

मग सरांनी एकेकाला फळ्याशी बोलावलं. बेरीज कुणालाच आली नाही.