मानेवरचा धोंडा

गोंदरच्या राजानं भर दरबारात स्वतःच्या हातानं घास भरवावा, असा ताफेसे त्याचा लाडका सेनापती. एकदा जिंकून आलेल्या फौजेनं राजाआधी ताफेसेचा जयजयकार केला आणि राजाचं मन फिरलं. सेनापतिपद गेलं. रिवाजाप्रमाणे ताफेसे मानेवर धोंडा घेऊन माफी मागायला वाकला. ज्याचा अपराध केला, त्यानंच तो उतरवायचा. राजा धोंडा न उतरवताच उठून गेला. ताफेसे तसाच धोंड्यासकट घरी आला. अंगणात बायको येशी चुलीसाठी तिसरा धोंडा शोधत होती. “टाका की खाली!” “राजानं उतरवला नाही, येशी.” “माझा अपराध नाही केलात? तुमचा जन्म लढायांत गेला, माझा उंबऱ्यात. माझी माफी कधी मागणार?” ताफेसेनं गुडघे टेकले. येशीनं दोन्ही हातांनी धोंडा उतरवला, त्याची सोललेली मान कुरवाळली आणि धोंडा चुलीला लावला. “हा आता इथंच राहणार. तुम्हीसुद्धा.”