फौजदारबाईंचा प्रश्न

आमची खुनांची मालिका दोघांनी मिळूनच बघायची, हा लग्नापासूनचा नियम. एकट्याने बघायची माझ्या भित्र्या नवऱ्याची छातीच नाही. नवा भाग आला तेव्हा तो ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होता. मी चार दिवस कळ काढली.

आज तो आल्यावर चहा घेऊन बसलो. "मला तो गोडबोल्या कंपाउंडर आवडतो," मी म्हणाले.

"मला फौजदारबाई. आरोप करतच नाहीत. सहज एक प्रश्न टाकतात, की समोरचा गार!"

पडद्यावर कपाट उघडलं आणि प्रेत कोसळलं. मी किंचाळले, चहा अंगावर सांडला. नवऱ्याने मात्र कपाट उघडायच्या आधीच कप खाली ठेवला होता.

चहा पुसता पुसता मी सहज विचारलं, "तुझ्याबरोबर बघताना तिला कोण वाटला रे खुनी?"