एकाच उंदराच्या दोन काचा

"चार नंबर आणि नऊ नंबर एकाच उंदराच्या काचा आहेत," मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलता मॅडम म्हणाल्या. "बोल, कोणी शिकवलं तुला हे?"

लंबू गडबडला. पीएचडीचा विद्यार्थी तो. दारातून वाकून आत यायचा, म्हणून सगळे त्याला लंबूच म्हणत. "काय मॅडम?"

"सोंग नको आणूस."

मॅडमच्या मनात सकाळपासून पाल चुकचुकत होती. औषधशास्त्राच्या प्राध्यापक त्या. विषाने किडनीच्या पेशी कशा मरतात आणि पुन्हा कशा उभ्या राहतात, यातच त्यांची हयात गेलेली. पेशींना पुन्हा उभं करणारं त्यांचं औषध आता पहिल्यांदाच माणसांना द्यायचं होतं. त्याआधीची उंदरांवरची ही शेवटची तपासणी. आणि नेमकं आत्ताच या पठ्ठ्याने सुचवावं, की मॅडम, काचांवरच्या नावांवर पट्ट्या चिकटवू, कुठल्या उंदराला औषध दिलंय ते तुम्हाला कळायलाच नको! कशाला पण? इतकी वर्षं नावं वाचूनच काचा पाहिल्या, तेव्हा कुणाचं काय बिघडलं? त्यात हा हल्ली खालच्या मजल्यावरच्या सरांबरोबर चहाला बसायचा. खालचे सर म्हणजे मॅडमचे जुने हितशत्रू. "बाईंना जे हवं तेच दिसतं" असं गावभर सांगत फिरणारे. त्यांनीच पोराचे कान भरले, दुसरं काय!

"एकच किडनी दोनदा कापलीस, तिचे काप दोन काचांवर लावलेस आणि दोन नंबर देऊन माझ्यापुढे ठेवलेस." मॅडमचा आवाज चढला. "म्हातारीला नीट दिसतं का ते बघायचं होतं ना? सहा आणि अकराही तसेच. तेवढ्याच पेशी मेलेल्या, किडनीतल्या तेवढ्याच नळ्या सोललेल्या. जुळी भावंडं ओळखू येणार नाहीत होय मला? हे केस काही उन्हात पांढरे नाही झाले."

"शप्पथ मॅडम, असं काही नाही. प्रत्येक काच वेगळ्या उंदराची आहे."

"काढ पट्ट्या."

"पण सगळ्या बघून झाल्यावरच काढायच्या असं ठरलं होतं..."

"काढ म्हणते ना! चोरी पकडली की बरे नियम आठवतात."

लंबूने नखाने चार नंबरची पट्टी सोलली. खाली त्याच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं: विष, मग औषध. नऊ नंबरची सोलली. विष, मग नुसतं पाणी.

"हं," मॅडम म्हणाल्या. "सहा?"

"औषध."

"अकरा?"

"पाणी."

मॅडमनी आणखी दोन काचा स्वतःच ओढल्या, आलटून पालटून कितीतरी वेळ पाहिल्या आणि पट्ट्या ओरबाडून काढल्या. तेच. औषध दिलेला उंदीर आणि पाणी दिलेला उंदीर, दोघांच्या किडन्यांची सारखीच वाट लागलेली. कुणीच सावरलं नव्हतं.

लंबूवरचा आळ गेला होता, त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याला रडू येत होतं. मॅडमकडे बघायची त्याची हिंमत होईना, म्हणून तो उगीच टेबल पुसत राहिला.

मॅडम उठल्या, प्रयोगशाळेचं दार लावून आल्या आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या. आवाज इतका खाली आला, की त्याला आणखी वाकावं लागलं.

"हे बघ राजा, खालच्यांनी सांगितलं असेल, नाहीतर तुझं तुलाच सुचलं असेल. मी कुणाजवळ बोलणार नाही. तुझ्या पीएचडीलाही धक्का लागणार नाही. रागावणारसुद्धा नाही मी." त्यांनी त्याचा हात धरला. "फक्त एकदा हो म्हण. फसवलंस ना रे मला?"