सरावाचा अर्ज

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही जरा जवळ सरकावं. गोष्ट छोटी आहे, दोन श्वासांची. पण ज्यांनी कधी कुणाला चार शब्द शिकवले असतील, त्यांनी तरी ती कान देऊन ऐकावी.

शनिवारचा शेवटचा तास होता. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या वर्गात, बाई मोठ्या मुलांना नोकरी कशी मागायची ते शिकवत होत्या. टेबलापलीकडे त्या स्वतःच साहेब होऊन बसल्या होत्या. समोर उभा होता वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा. त्याला सगळे शिडी म्हणत.

"तुम्हाला ही नोकरी कशासाठी हवी?" बाईंनी विचारलं.

"वडील म्हणाले म्हणून."

वर्ग खो खो हसला. "मग वडिलांनाच पाठव," बाई म्हणाल्या. "जा, पुन्हा बाहेर जा, दार वाजव. आणि या खेपेला आत येताना खांदे घेऊन ये, मघाशी बाहेरच राहिले होते."

शिडी बाहेर गेला. दार वाजलं. पण आत आली ती बारकीची आई. बारकी म्हणजे तिसऱ्या बाकावरची, गणितात कुणाला हार न जाणारी मुलगी. आई इमारतींचे जिने पुसायची. हात ओले असतात म्हणून पत्राचं पाकीट तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं.

"बाई, तुमचे उपकार कुठे फेडू? लागली पोर नोकरीला."

बाईंनी पत्र वाचलं. मोठ्या दवाखान्यामागच्या लॉन्ड्रीचं होतं. चादरी आणि अभ्रे धुऊन इस्त्री करायचं काम, पुढे पगाराचा आकडा. सोमवारी सकाळी सातला हजर राहावे. पहिले सहा महिने रजा मिळणार नाही. सोबत शिक्षकांचा वर्तणुकीचा दाखला आणावा.

बाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. नऊ वर्षं त्या हा तास घेत होत्या. खोट्या पत्त्यावर लिहायला सांगितलं की मुलं खोटंच लिहितात, म्हणून त्या वर्तमानपत्रातल्या खऱ्या जाहिराती कापून आणत आणि अर्ज स्वतःच्या हाताने टपालाच्या पेटीत टाकत. नऊ वर्षांत एकाही अर्जाला उत्तर आलं नव्हतं. उत्तर न येणं हाही एक धडाच, असं त्या मुलांना सांगत.

"अहो, तो सरावाचा अर्ज होता."

"सरावाला कुणी पगाराचा आकडा लिहून पाठवतं होय?"

"परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवलाय मी तिच्यासाठी. एवढी परीक्षा तरी होऊ द्या."

"परीक्षा कशाला देतात, बाई? नोकरीसाठीच ना?" आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. "तिचा बाप अंथरुणाला खिळलाय. पाठची दोघं आहेत. मी काय तिची वैरीण आहे?"

बाई मुलीला घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या.

"अगं, अर्जात लिहायचं नाहीस का, परीक्षेनंतर येईन म्हणून?"

"लिहिलं होतं, बाई. तुम्ही खोडलंत."

बाईंना आठवलं. शेवटून दुसरी ओळ. तिच्यावरून तांबड्या शाईची सरळ रेघ, आणि समासात शेरा : मागणाऱ्याने अटी घालू नयेत. वर कोरा कागद देऊन त्यांनीच तिच्याकडून अर्ज पुन्हा लिहून घेतला होता.



"मी जाते त्या लॉन्ड्रीवाल्याकडे," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, तसं सांगते त्याला."

"नको, बाई. आईने पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाबा उठून बसले. उशी न लावता. किती दिवसांनी बसले."

"आणि तुला? तुला जायचंय का? माझ्याकडे बघ आणि खरं सांग."

मुलीने पाठ ताठ केली. बोटांशी चाळा करणारे हात बाजूला सोडले. नजर वर उचलून बाईंच्या डोळ्यांना लावली.

"हो, बाई. मी सोमवारपासून रुजू होऊ शकते."

आवाज कुठेही हलला नाही. बाई त्या चेहऱ्यात काहीतरी सापडेल म्हणून बघत राहिल्या. नऊ वर्षांत इतकं चोख उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

दाराशी ताटकळलेल्या शिडीने सगळं ऐकलं होतं. "बाई," त्याने हळूच विचारलं, "माझ्या अर्जाचं काही आलं का हो?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या आत गेल्या. पोरांना एव्हाना बातमी कळली होती. त्यांनी बारकीसाठी टाळ्या वाजवल्या. बाई साहेबाच्या खुर्चीत बसल्या आणि दाखला लिहू लागल्या. मुलगी हुशार, प्रामाणिक व कष्टाळू आहे. दिलेले काम मन लावून करते. शब्द न् शब्द खरा होता, खोडावं असं त्यात काहीच नव्हतं. शेवटी सही केली. आईने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत उभी राहिली.

एवढीच गोष्ट, मायबाप. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी दवाखान्यात आपल्या माणसाच्या उशाशी बसायची वेळ आली, आणि हाताखालची चादर पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची लागली, तर देवाचं नाव तुम्ही घ्यालच. त्या नावामागोमाग, क्षणभर, त्या मुलीलाही आठवा.