वाघांमधला यदू

वाचनालयाच्या बालकला महोत्सवात स्वतः रंगवलेले वाघाचे मुखवटे लावून, सारख्याच टी-शर्टांतली मुलं सभागृहभर धावत होती. त्यांत आपला यदू कोणता, सुनंदाला कळेना. दार सताड उघडं होतं आणि बाहेर हमरस्ता.

"थांबा, माइकवरून नाव पुकारते," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"अहो, त्याला ऐकू येत नाही!"

सुनंदा दिसेल त्या मुलाचा मुखवटा ओढू लागली. दोघं-तिघं रडायलाच लागली. घरी ती यदूला दिव्याची उघडझाप करून बोलवायची. ती बटणांकडे धावली. सगळे दिवे बंद केले, लावले, पुन्हा बंद केले.

अंधारात मुलं किंचाळली. दिवे लागले तेव्हा कपाटामागून एक वाघ सरळ तिच्याकडे येत होता. मुखवटा वर सारून त्याने रागाने हातांनीच विचारलं, "कुठे गेली होतीस तू?"