बर्फाची विहीर

कुणाकडे फ्रिज नव्हता तेव्हा धुळ्यात बर्फाचा कारखाना काढणारे धनसिंगआबा सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात नगराध्यक्ष होते. पांझरा नदी आटली, नळ कोरडे पडले. देवपूरच्या बाया रिकामे हंडे घेऊन कारखान्याच्या फाटकावर आल्या. “टँकर येईल, तोवर बर्फ न्या,” म्हणत आबांनी लाद्या फोडायला लावल्या. बायांतल्या भिकुबाईनं तुकडा निरखत विचारलं, “आबा, तुमना बरफले पानी कोठून येस?” आबा गोंधळले. पाणी कारखान्याच्याच विहिरीचं होतं. दिलं तर लग्नसराईचा धंदा बुडणार. नाही दिलं तर गावाला तोंड कसं दाखवणार? आत-बाहेर करत शेवटी ते मिस्त्रीला म्हणाले, “मशीन बंद कर. पंपाचा पाइप फाटकाबाहेर सोड.” हंडे भरू लागले. आपण बरं केलं की वेडेपणा, त्यांना उमजेना. “आबा, जरा हात लावा,” भिकुबाई म्हणाली. आबांनी भरला हंडा तिच्या डोक्यावर चढवला.